पहिल्या मात्रेची माणसं

2010 साली ‘मॉलिक्युलर थेरपी’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या डॉक्टरांनी एका पेशंटची हकीकत छापली. पेशंट 39 वर्षांची बाई. मोठ्या आतड्याचा कर्करोग फुफ्फुसांत आणि यकृतात पसरलेला. एकामागून एक उपचार करून झाले होते आणि आजार कशालाच दाद देत नव्हता. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा इथल्या सरकारी इस्पितळात तिच्याच रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या टी पेशी काढून घेतल्या गेल्या. त्यांत बाहेरून एक जनुक घातलं, प्रयोगशाळेत त्या वाढवल्या आणि शिरेतून तिला परत दिल्या. एकूण पेशी 1000 कोटी. पंधरा मिनिटांच्या आत तिला धाप लागली. छातीच्या एक्स-रेमध्ये फुफ्फुसं भरून आलेली दिसली. घशात नळी घालून कृत्रिम श्वासावर ठेवलं, अतिदक्षता विभागात जे जे करता येतं ते सगळं झालं. पाचव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांनी यातलं काहीही झाकलं नाही. मात्रा किती होती, कोणत्या मिनिटाला काय झालं, रक्तात कोणती रसायनं किती वाढली, शवविच्छेदनात काय सापडलं, सगळं लिहिलं. त्या पेशींना ‘हर-टू’ नावाचं प्रथिन ओळखायला शिकवलं होतं. स्तनाच्या कर्करोगावरचं हर्सेप्टिन हे औषध याच प्रथिनाला चिकटतं आणि ते हजारो बायकांना दिलं गेलं होतं, म्हणून ही खूण त्यातल्या त्यात सुरक्षित मानली गेली. पण फुफ्फुसाच्या निरोगी पेशींवरही हे प्रथिन अगदी थोडं असतं. शिरेतून आत गेलेलं रक्त हृदयातून आधी फुफ्फुसांतच जातं. तिथे 1000 कोटी पेशींना ती थोडीशी खूणही पुरली. डॉक्टरांनी काढलेला निष्कर्ष हा असा होता.

अशा बदललेल्या टी पेशींच्या, म्हणजे कार-टी उपचाराची गोष्ट सांगताना बहुतेक जण बरी झालेली, हसणारी छोटी मुलगी समोर ठेवतात. ती मुलगी या लेखातही येईल. पण हा इतिहास त्या 39 वर्षांच्या बाईपासूनच सुरू व्हायला हवा, असं मला वाटतं. पुढे जी मुलं वाचली, त्यांच्या मात्रा ठरवताना, त्यांच्यावर लक्ष ठेवताना, कुठली खूण निवडायची आणि कुठली टाळायची हे बघताना जगभरच्या डॉक्टरांच्या मनात तिची हकीकत होती. तिचं नाव त्या लेखात नाही, आणि ते तसंच योग्य आहे.

ज्या संस्थेत हे घडलं, तिथल्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते स्टीव्हन रोझेनबर्ग. त्यांचा या विषयातला ध्यास 1968 पासूनचा. तेव्हा ते बोस्टनमध्ये शिकाऊ सर्जन होते. माजी सैनिकांच्या इस्पितळात एक माणूस पित्ताशयाच्या दुखण्यासाठी आला. जुने कागद काढले तर त्यात लिहिलेलं, की बारा वर्षांपूर्वी याच इस्पितळात त्याचं पोट उघडलं होतं, जठराचा कर्करोग यकृतापर्यंत गेलेला होता, आणि हाताबाहेरची केस म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्गनी पित्ताशय काढताना आत नीट चाचपून पाहिलं. गाठ कुठेच नव्हती. कोणत्याही औषधाशिवाय शरीराने ती संपवली होती. त्या माणसाचं रक्त त्यांनी जठराच्याच कर्करोगाच्या दुसऱ्या एका पेशंटला देऊन पाहिलं. उपयोग झाला नाही. पण शरीरात ही ताकद आहे, हे त्यांनी स्वतःच्या हातांनी अनुभवलं होतं, आणि पुढचं आयुष्य त्यांनी त्यासाठीच घातलं. इंटरल्युकिन-2 नावाचं टी पेशींना चेतवणारं रसायन त्यांनी शेवटच्या अवस्थेतल्या पेशंटना द्यायला सुरुवात केली. एकामागून एक पेशंट दगावत गेले. 1984 मध्ये त्वचेचा मेलेनोमा झालेली नौदलातली एक अधिकारी स्त्री पूर्ण बरी झाली, तेव्हा कुठे जगाचा विश्वास बसला.

1988 मध्ये त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं. गाठ कापून काढायची, गाठीत शिरलेल्या टी पेशी त्यातून वेगळ्या करायच्या, वाढवायच्या आणि परत द्यायच्या. मेलेनोमाच्या काही पेशंटमध्ये गाठी आक्रसल्या. बाकीच्या बहुतेक कर्करोगांत मात्र अशा लढाऊ पेशी हाती लागत नव्हत्या. ज्या शरीरात त्या नाहीत तिथे त्या बनवायच्या कशा, हा प्रश्न उरला.

उत्तर इस्रायलमधून आलं. रेहोवोत इथल्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि त्यांचे विद्यार्थी गिडियन ग्रॉस यांनी 1989 मध्ये टी पेशीला दुसऱ्याच कुणाचे डोळे बसवले. टी पेशीची अडचण अशी, की समोरच्या पेशीने आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर आणून दाखवले तरच ती शत्रू ओळखते. कर्करोगाच्या पेशी हे दाखवणंच बंद करतात आणि निसटतात. प्रतिपिंडांना अशी गरज नसते; पृष्ठभागावर जे आहे ते ती थेट पकडतात, पण त्यांच्यात टी पेशीसारखी मारण्याची ताकद नसते. एशहार यांनी प्रतिपिंडाचं पकडणारं टोक घेतलं आणि टी पेशीला हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भागाला जोडलं. हे दोन्ही मिळून एक नवं जनुक, ते टी पेशीत घातलं, आणि पेशी त्याप्रमाणे वागू लागली. आज ज्याला कार म्हणतात ते हेच. पुढच्याच वर्षी एशहार रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत काही काळ कामाला आले.

काचेच्या बशीत जे जमलं ते माणसात जमायला मात्र वीस वर्षं लागली. अंडाशयाच्या कर्करोगावरची पहिली चाचणी बेथेस्डातच झाली. तिचे निकाल 2006 मध्ये छापले गेले. 14 बायका, आणि एकीचीही गाठ लहान झाली नाही. दिलेल्या पेशी थोड्याच दिवसांत रक्तातून दिसेनाशा झाल्या होत्या. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमहून मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या चाचणीची बातमी आली. तिथल्या पहिल्या काही पेशंटच्या यकृताला इजा झाली, कारण निवडलेली खूण पित्तनलिकांच्या निरोगी पेशींवरही होती. शिवाय वापरलेलं प्रतिपिंड उंदराचं होतं, आणि पेशंटच्या शरीराने ते परकं म्हणून ओळखून त्या पेशींविरुद्धच मोहीम उघडली. या दुसऱ्या गोष्टीचा संबंध पुढे थेट मुंबईशी येतो.

पहिल्या टप्प्याची चाचणी म्हणजे नेमकं काय, हे आपल्याकडे पेशंटच्या नातेवाइकांना क्वचितच नीट सांगितलं जातं. औषध गुणकारी आहे का, हा तिचा मुख्य प्रश्न नसतो. किती मात्रेपर्यंत माणूस सहन करतो, एवढंच तिथे बघायचं असतं. रूढ पद्धत अशी: तीन पेशंटना सर्वांत लहान मात्रा द्यायची आणि ठरलेले दिवस थांबायचं. गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना मोठी मात्रा. एकाला झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघं. दोघांना झाला की मागे यायचं. म्हणजे जो पहिल्या तिघांत असतो, त्याला मिळणारी मात्रा बहुधा गुण येण्याइतकी नसतेच. जो शेवटच्या तिघांत असतो, त्याच्या अंगावर त्रासाची मर्यादा सापडते. कर्करोगात सहसा इतर सगळे मार्ग बंद झालेली माणसंच या चाचणीत येतात, कारण ज्याच्यासाठी दुसरा इलाज शिल्लक आहे त्याला अशा धोक्यात घालणं योग्य नाही. हे सगळं समजून-उमजून सही करणारा माणूस वैद्यकशास्त्राला जे देतो, त्याची बरोबरी कुठल्याही देणगीशी होणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिवंत पेशींच्या बाबतीत तर मात्रेचं गणितच कोलमडतं. गोळी दिली की ती शरीरात कमी कमी होत जाते. टी पेशी शत्रू दिसला की वाढत जातात. आज दिलेल्या मात्रेची दोन आठवड्यांनी किती मात्रा झालेली असेल, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

हे फिलाडेल्फियात दिसलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले कार्ल जून मूळचे नौदलाचे डॉक्टर. एचआयव्हीच्या पेशंटच्या टी पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र त्यांनी ब्रूस लेव्हिन यांच्याबरोबर बसवलं होतं. 2001 मध्ये जून यांच्या पत्नी अंडाशयाच्या कर्करोगाने गेल्या. त्यानंतर जून यांनी या कामात स्वतःला पूर्ण झोकून दिलं. काळ अनुकूल नव्हता. त्याच विद्यापीठात सप्टेंबर 1999 मध्ये जेसी गेल्सिंगर हा 18 वर्षांचा मुलगा जनुक उपचाराच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत दगावला होता, आणि जनुक या शब्दानेच पैसे देणारे मागे सरत होते. सरकारी अनुदानाचे अर्ज नामंजूर झाले. शेवटी सून कर्करोगाने गमावलेल्या एका दांपत्याने उभी केलेली धर्मादाय संस्था मदतीला आली. तेवढ्या पैशात तीन पेशंट झाले आणि पैसे संपले.

मधल्या काळात कारच्या रचनेत मोलाची भर पडली होती. नुसता हल्ल्याचा इशारा मिळालेली टी पेशी लवकर थकते. तिला दुसरा, टिकून राहण्याचा इशाराही लागतो. न्यूयॉर्कमध्ये मिशेल सादलँ आणि मेम्फिसमध्ये दारिओ कांपाना यांनी वेगवेगळ्या मार्गांनी हा दुसरा इशारा जोडला. फिलाडेल्फियातल्या चाचणीत कांपाना यांची रचना वापरली गेली. खूण निवडली होती सीडी-19. ही खूण रक्तातल्या बी पेशींवर असते, निरोगी बी पेशींवर आणि त्यांच्या कर्करोगावरही. बी पेशी गेल्या तरी माणूस जगू शकतो, त्यांची प्रतिपिंडं बाहेरून देता येतात. फुफ्फुस किंवा पित्तनलिका यांच्याबाबत ही सवलत नाही. पुढच्या सगळ्या यशाचं आणि अपयशाचं मूळ या एका फरकात आहे.

पहिले पेशंट बिल लडविग, न्यू जर्सीतल्या तुरुंगखात्यातून निवृत्त झालेले, रक्ताच्या जुनाट ल्युकेमियाने थकलेले. 2010 च्या उन्हाळ्यात त्यांना पेशी दिल्या. साधारण दहा दिवस काही झालं नाही. मग थंडी वाजून सडकून ताप आला, रक्तदाब घसरला, अतिदक्षता विभागात न्यावं लागलं. तो ओसरल्यावर अस्थिमज्जा तपासली तर कर्करोगाच्या पेशी सापडेनात. डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. त्यांनी पुन्हा सुई घालून नमुना घेतला. दुसरा अहवालही तोच. सप्टेंबरमध्ये याच चाचणीतल्या डग ओल्सन यांना जेमतेम 1.4 कोटी कार-टी पेशी मिळाल्या होत्या. त्या शरीरात हजार पटींहून अधिक वाढल्या. चौदाव्या दिवसापासून ताप, बाविसाव्या दिवशी कर्करोगाच्या पेशी इतक्या झपाट्याने फुटल्या की त्यांचा कचरा उपसताना मूत्रपिंडांवर ताण आला. तेविसाव्या दिवशी मज्जेत ल्युकेमिया नव्हता. ऑगस्ट 2011 मध्ये तिन्ही पेशंटची हकीकत छापून आली.

लडविग 2021 च्या सुरुवातीला कोविडने गेले. कर्करोग परतला नव्हता. दहा वर्षांनंतरही लडविग आणि ओल्सन या दोघांच्या रक्तात त्या पेशी होत्या, हे 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं गेलं.

आता ती मुलगी. एमिली व्हाइटहेड, पेनसिल्व्हेनियातल्या फिलिप्सबर्ग या छोट्या गावातली. 2010 मध्ये पाच वर्षांची असताना ल्युकेमिया झाला. केमोने बरा होऊन दोनदा उलटला. फिलाडेल्फियाच्या बाल इस्पितळात स्टीफन ग्रुप यांच्याकडे मुलांसाठीची चाचणी नुकतीच सुरू होत होती. 17 एप्रिल 2012 पासून एमिलीला पेशी दिल्या गेल्या. ही मात्रा घेणारं ते पहिलं मूल. काही दिवसांत ताप 105 अंशांच्या वर गेला. श्वास थांबायला लागला म्हणून व्हेंटिलेटर लावला. रक्तदाब टिकेना. स्टेरॉइड दिली, फरक पडला नाही. आईवडिलांना सांगण्यात आलं की रात्र निघेल असं वाटत नाही.

रक्ताचे नमुने तातडीने तपासायला पाठवले होते. दोन तासांत अहवाल आला: इंटरल्युकिन-6 हे दाहकारक रसायन सामान्य पातळीच्या कित्येक पटींनी चढलेलं. हे रसायन कर्करोगाच्या डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातलं नव्हतं. योगायोग असा की कार्ल जून यांच्या मुलीला बालसंधिवात होता, आणि इंटरल्युकिन-6 ला अडवणारं तोसिलिझुमॅब हे संधिवाताचं औषध त्यांना माहीत होतं. या रसायनाचा शोध जपानमध्ये ओसाकाच्या तादामित्सु किशिमोतो यांच्या प्रयोगशाळेतला, आणि हे औषधही त्याच संशोधनातून आलेलं. इस्पितळात ते होतं. कार-टीच्या त्रासावर ते तोवर कुणाला दिलं गेलं नव्हतं. ग्रुप यांनी दिलं. काही तासांतच ताप उतरू लागला, श्वास सावरला. 2 मे रोजी, स्वतःच्या सातव्या वाढदिवशी, एमिली शुद्धीवर आली. आठवड्याभराने मज्जा स्वच्छ असल्याचा अहवाल हाती आला.

ती रात्र वेगळी गेली असती तर चाचणी बंद पडली असती, याबद्दल त्यातल्या कुणालाच शंका नाही. औषध एका माणसाच्या घरातल्या आजारपणामुळे आठवावं, यावर एवढं मोठं शास्त्र तोललेलं होतं, हे वाचताना आजही छातीत धस्स होतं. आज कार-टी देणाऱ्या प्रत्येक वॉर्डात तोसिलिझुमॅब आधी हाताशी ठेवतात, मगच पेशींची पिशवी लावतात.

एमिलीची हकीकत 2013 मध्ये ज्या शोधनिबंधात छापली गेली, त्यात आणखी एका मुलीची हकीकत होती. तीही आधी पूर्ण बरी झाली. दोन महिन्यांनी कर्करोग परतला, आणि परतलेल्या पेशींवर सीडी-19 ही खूणच नव्हती. शोधणाऱ्याला हवी असलेली खूणच पुसून कर्करोग आला होता. एमिलीचा फोटो जगभर गेला. या दुसऱ्या मुलीने शिकवलेला धडा प्रयोगशाळांत गेला. आज एकाच वेळी दोन खुणा शोधणाऱ्या पेशी बनवण्याची जी धडपड चालली आहे, तिचा उगम तिथे आहे.

त्याच वर्षी फिलाडेल्फियाशीच संबंधित दुसऱ्या चाचणीतून आलेला निबंध मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हादरवणारा वाटतो. तिथे कार नव्हता. टी पेशीचा शत्रू ओळखणारा मूळचा ग्राहीच सुधारून जास्त पकड घेणारा केला होता, ‘मागे-ए3’ या प्रथिनासाठी. हे प्रथिन हृदयात नसतं. तरीही पहिले दोन पेशंट, एक मेलेनोमाचा आणि एक मायलोमाचा, काही दिवसांत हृदय बंद पडून गेले. चाचणीपूर्वी त्या पेशी हृदयाच्या पेशींवर तपासलेल्या होत्या आणि काही आढळलं नव्हतं. मग शोध सुरू झाला. कारण सापडलं टायटिन या स्नायूंच्या प्रथिनात. त्याचा एक छोटा तुकडा मागे-ए3 च्या तुकड्याशी मिळताजुळता आहे. पण बशीत निपचित पडलेल्या हृदयपेशी टायटिन बनवत नाहीत. संशोधकांनी मूलपेशींपासून धडधडणाऱ्या हृदयपेशी तयार केल्या, त्यांच्यावर त्या टी पेशी सोडल्या, आणि हृदयपेशी मारल्या गेल्या. तेव्हापासून अशा पेशी माणसाला देण्याआधी काय काय तपासायचं, ती यादी लांबली.

औषधकंपन्याही तोवर उतरल्या होत्या. 2016 मध्ये सिअ‍ॅटलच्या एका कंपनीच्या प्रौढांवरच्या चाचणीत पाच जण मेंदूला सूज येऊन दगावले आणि ते उत्पादन सोडून द्यावं लागलं. पण मुलांच्या ल्युकेमियात आकडे भक्कम होते. फिलाडेल्फियातल्या 30 पेशंटपैकी 27 जणांचा आजार पूर्ण हटला, हे 2014 मध्ये छापलं गेलं. 30 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी दिली. किंमत 4 लाख 75 हजार डॉलर, तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये. त्याच दिवशी तोसिलिझुमॅबलाही या त्रासावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली.

तीन कोटींत आपल्याकडचा कोण बसणार? हा प्रश्न पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांनी घेतला. हार्वर्डमधलं संशोधन आटोपून ते 2013 मध्ये तिथे रुजू झाले होते. अल्का द्विवेदी आणि अथर्व करुळकर हे त्यांचे विद्यार्थी. त्यांनी परदेशी रचना विकत घेतली नाही, स्वतःची बनवली. उंदराच्या प्रतिपिंडाचं टोक मानवी प्रतिपिंडाच्या जवळ आणलं, म्हणजे पेशंटच्या शरीराला ते कमी परकं वाटावं. रॉटरडॅमला जे भोवलं होतं, त्याचं हे उत्तर. बेथेस्डाच्या त्याच राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांचंही या कामाला साहाय्य झालं. टाटा मेमोरियलमधून गौरव नरूला, हसमुख जैन यांच्यासारखे डॉक्टर बरोबर आले. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान खात्याच्या यंत्रणेने माणसांवरच्या पहिल्या चाचणीसाठी 19.15 कोटी रुपये मंजूर केले.

4 जून 2021, कोविडची दुसरी लाट नुकती ओसरत होती. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात त्या दिवशी भारतातली पहिली कार-टी मात्रा दिली गेली. पेशी पवईच्या जीवशास्त्र विभागात घडवलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला तिथे नवल वाटावं असं काही दिसत नाही. यंत्रातून रक्त फिरवून पांढऱ्या पेशी बाजूला काढतात. पेशंट काही तास पलंगावर पडून असतो. त्या पेशींत एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हाती जनुक पोचवतात, काही दिवस वाढवतात, निर्जंतुक आहेत का ते तपासतात. पेशंटला थोडी केमो देऊन जागा मोकळी करतात. मग एक छोटी पिशवी सलाइनसारखी शिरेतून जाते, आणि मिनिटांत संपते. त्यानंतरचे दोन आठवडे मात्र डॉक्टर, नर्स आणि घरचे सगळे थर्मामीटरकडे बघत काढतात.

ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या उपचाराला ‘नेक्सकार-19’ या नावाने परवानगी दिली. 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू पवईला येऊन त्याचं लोकार्पण करून गेल्या. पहिल्या दोन टप्प्यांचे निकाल 2025 मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले: 64 पेशंट, त्यांतल्या गुणाची मोजणी करता आलेल्या 51 जणांपैकी 73 टक्क्यांना प्रतिसाद. उपचारामुळे दोन मृत्यू झाले, आणि तेही त्या निबंधात कारणांसह लिहिले आहेत. बेथेस्डाच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये घालून दिलेली रीत मुंबईच्या डॉक्टरांनीही पाळली, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. किंमत सुरुवातीला चाळीस लाखांच्या आसपास सांगितली गेली, अमेरिकेच्या तुलनेत फारच कमी. तरीही सांगोल्याच्या किंवा सावंतवाडीच्या साध्या घराला हा आकडा जमीन विकूनही पुरा पडत नाही, आणि हे काम अजून बाकी आहे.

बाकी राहिलेलं दुसरं काम त्याहून अवघड. ज्या आजारासाठी रोझेनबर्गनी ही वाट धरली, तो पसरलेला गाठीचा कर्करोग अजूनही या पेशींना पुरता बधलेला नाही. स्तन, आतडं, स्वादुपिंड, फुफ्फुस: यांच्या गाठींवर फक्त कर्करोगाचीच अशी खूण सहसा मिळत नाही, पेशी गाठीत शिरत नाहीत, शिरल्या तर तिथल्या वातावरणात थकतात. ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी ‘हर-टू’वरच्या पेशी सार्कोमाच्या पेशंटना पुन्हा दिल्या, पण सुरुवात केली शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला फक्त दहा हजार पेशींपासून, म्हणजे बेथेस्डातल्या मात्रेपेक्षा लाखो पटींनी कमी. रचनाही थोडी बदलली. 2015 मध्ये छापलेल्या त्या चाचणीतल्या 19 जणांत तसा अनर्थ एकही घडला नाही. गुण मात्र थोड्यांनाच आला. ह्यूस्टनमध्येच 2004 ते 2009 या काळात मज्जातंतूंच्या गाठीच्या कर्करोगासाठी 19 मुलांना पेशी दिल्या होत्या. त्यांतली एक व्यक्ती 18 वर्षांनंतरही कर्करोगमुक्त असल्याचं 2025 मध्ये जाहीर झालं. 2024 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत सायनोव्हियल सार्कोमासाठी एका उपचाराला परवानगी मिळाली. जनुक बदललेल्या टी पेशींचा गाठीच्या कर्करोगावरचा तिथला हा पहिला मान्य उपचार, आणि त्यात शोधलेली खूण मागे-ए3 च्याच कुळातली, मागे-ए4. चीनमध्ये जठराच्या कर्करोगावर 156 जणांची तुलनात्मक चाचणी झाली. तिथे आजार रोखून धरण्याचा काळ 1.77 महिन्यांवरून 3.25 महिन्यांवर गेला. फरक आहे, आणि तो किती लहान आहे हेही समोर आहे.

येत्या काही वर्षांत गाठीच्या कर्करोगावरच्या अशा पहिल्या टप्प्याच्या चाचण्या मुंबई-पुण्यातही वाढत जातील. तुमच्या घरात कुणासमोर असा कागद आला तर घाबरून नाही म्हणू नका आणि भारावून हो म्हणू नका. चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, झालेली असलीच पाहिजे. तो क्रमांक मागून घ्या. संमतीपत्र तुम्हाला समजेल अशा भाषेत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठीतलं मागा आणि घरी आणून वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार विनामूल्य मिळण्याची तरतूद 2019 च्या नियमांत आहे, ती त्या कागदावर कुठे लिहिली आहे ते दाखवायला सांगा. आणि सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा, की ही मात्रा आमच्या आधी किती जणांना दिली, आणि त्यांचं काय झालं.